‘आया’ आणि ‘पगार’ : मूल सांभाळणाऱ्या बाईच्या मोलाचा इतिहास

१/
मराठीत ‘आया’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. ‘आई’चे अनेकवचन ‘आया’. आणि पैसे घेऊन दुसऱ्याचे मूल सांभाळणारी बाई, तीही ‘आया’. पहिला शब्द आपल्या घरचा, दुसरा पोर्तुगीजांकडून आलेला. विशेष म्हणजे ‘पगार’ हा शब्दही पोर्तुगीजच. ‘चुकते करणे’ या अर्थाच्या त्यांच्या क्रियापदावरून तो आपल्याकडे रुळला. मूल सांभाळणारी आणि तिचे वेतन, ही दोन्ही नावे एकाच किनाऱ्यावर उतरली. घरात मात्र ती क्वचितच एकत्र नांदली. हा धागा त्या दुराव्याचा इतिहास सांगतो.

२/
आरंभ आजच्या चंद्रपुरापासून करू. ऊर्जानगरचे औष्णिक विद्युत केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, भद्रावतीची आयुधनिर्माणी, गडचांदूरचे सिमेंट, भोवतालच्या कोळसा खाणी. या वसाहतींत पती-पत्नी दोघेही नोकरीला जातात, तेव्हा लेकराजवळ एखादी मावशी लागते. बोलणी दारातच होतात : ‘सकाळी या, संध्याकाळी जा, लेकराकडे लक्ष द्या.’ महिन्याभरात त्यात बाळाचे कपडे येतात, मग सगळ्यांचे कपडे, मग भांडी, मग ‘आज थोडा उशीर होईल’. पगाराचा आकडा तेवढाच राहतो. तिने विचारलेच तर उत्तर तयार असते : ‘अहो मावशी, तुम्ही तर घरच्यासारख्या!’

३/
‘घरच्यासारखी’ हा शब्द बहुधा मनापासूनच उच्चारला जातो. परंतु इतिहासात त्याने एक निश्चित कार्य केले आहे : काम कोणते, वेळ किती, सुट्टी कधी आणि मोल काय, हे चार प्रश्न त्याने वारंवार अनिर्णीत ठेवले. घरच्या माणसाला कोणी तास विचारत नाही. पण घरच्या माणसाला घरात वाटाही असतो. मावशीला तो नसतो. ज्या ज्या वेळी हे चार प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडले गेले, त्या त्या वेळीच मूल सांभाळणाऱ्या बाईच्या पदरात काही पडले. पुढील उदाहरणे त्याचीच आहेत.

४/
महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध दूधआई म्हणजे धाराऊ गाडे. संभाजीराजांचा जन्म १६५७ मध्ये पुरंदरावर झाला. मातोश्री सईबाई यांची प्रकृती खालावलेली होती. १६५९ मध्ये त्या निवर्तल्या. बाळाला दूध पाजण्यासाठी पुरंदराच्या परिसरातील कापूरहोळ गावच्या धाराऊला आणण्यात आले. तिचे पुत्र अंतोजी आणि रायाजी पुढे संभाजीराजांच्या सेवेत होते, असे परंपरा सांगते. कापूरहोळला आजही तिचे नाव आदराने घेतात.

५/
धाराऊला मान मिळाला, हे खरेच. पण त्या मानाचे स्वरूप नीट पाहावे. तो राजघराण्याच्या कृतज्ञतेतून आला होता. जे कृपेने मिळते ते मागता येत नाही, आणि कृपा आटली तर दादही मागता येत नाही. सामान्य वाड्यांतून ज्या असंख्य दायांनी लेकरे वाढवली, त्यांची नावे कोणत्याच गावाला ठाऊक नाहीत. एका धाराऊच्या स्मरणावरून त्या सर्वांना काय मिळत असेल याचा अंदाज बांधता येत नाही.

६/
कारण त्याच समाजात दुसरे टोकही होते. पेशवाईच्या काळात मोठ्या घरांतून ‘कुणबिणी’ व ‘बटकी’ असत : विकत घेतलेल्या, दंड म्हणून दास्यात टाकलेल्या किंवा दास्यातच जन्मलेल्या स्त्रिया. दळण, पाणी, सारवण आणि घरातल्या लेकरांची उठाठेव त्यांच्याकडे असे. मोबदला म्हणजे अन्न-वस्त्र. कंपनी सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीला असलेली न्यायालयीन मान्यता काढून घेतली. तरी ‘जेवण देतो, जुने लुगडे देतो, आणखी काय हवे?’ हा विचार कायद्याच्या एका कलमाने घरांतून गेला नाही. अन्नाला मोबदला मानण्याची सवय पुढेही पुष्कळ काळ टिकून राहिली.

७/
‘मोलकरीण’ हा शब्द या पार्श्वभूमीवर पाहावा. आज तो काहींना हलका वाटतो. पण त्याच्या पोटात ‘मोल’ आहे : मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. बटीक आणि मोलकरीण यांच्यातला फरक नेमका हाच आहे. मोलकरणीचे श्रम विकत घेतलेले असतात, ती स्वतः विकलेली नसते. उरलेला वेळ तिचा स्वतःचा असतो. शब्दाने हे सांगितले. व्यवहाराने मान्य करायला पुढची दोनशे वर्षेही अपुरी पडली.

८/
आता मुंबई बंदराकडे वळू, कारण आयेच्या नोकरीचा करार पहिल्यांदा ठळकपणे दिसतो तो जहाजावर. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि इंग्रज कुटुंबांचा प्रवास सुकर झाला. समुद्रप्रवासात मुले सांभाळायला ‘प्रवासी आया’ नेमली जाई. त्यांतल्या काही बाया या कामात मुरलेल्या होत्या. अँथनी परेरा यांच्या पत्नीने असा सागरी प्रवास ५४ वेळा केल्याची नोंद १९२० च्या दशकातील एका वृत्तांतात आहे. लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजात तान्ह्या बाळांना सांभाळणे हे कौशल्याचे काम होते, आणि या बाया त्यात वाकबगार होत्या.

९/
अडचण लंडनला पोहोचल्यावर येई. काही कुटुंबे आयेचे परतीचे तिकीट आधीच काढून ठेवत. काही मात्र गरज संपताच तिला बंदरावर किंवा भाड्याच्या खोलीत सोडून देत. तोंडी कबूल केलेला परतीचा प्रवास कोणाकडे मागणार? अशा बायांसाठी लंडनमध्ये ‘आयांचे निवासस्थान’ चालवले जाई. १९०० पासून ते हॅकनी भागातील किंग एडवर्ड मार्गावरील २६ क्रमांकाच्या घरात होते. चालवणारी मिशनरी संस्था होती. धर्मप्रसार हाही तिचा उद्देश होता, हे विसरता कामा नये.

१०/
त्या घराची एक व्यवस्था मोठी बोलकी होती. मालकिणीने आयेला तिथे सोडताना परतीचे तिकीट संस्थेकडे द्यायचे. मग हिंदुस्थानात निघालेल्या एखाद्या कुटुंबाला आया हवी असली की संस्था ते तिकीट त्या कुटुंबाला देई आणि त्या पैशातून आयेच्या राहण्याचा खर्च भागे. आया नव्या घरातील मुले सांभाळत मायदेशी परते. म्हणजे कागदाचा एक तुकडा हाती असला की तिचे रक्षण होत असे. नसला की ती परक्या शहरात निराधार. मालकीण प्रेमळ होती की कठोर, याने अखेरच्या हिशेबात फारसा फरक पडत नसे. त्या घरावर २०२२ मध्ये स्मृतिफलक लागला.

११/
जहाजावरून पुन्हा जंगलमुलखात येऊ. चांदा जिल्ह्याच्या पूर्व भागात ‘बेगार’ हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नसे. दौऱ्यावरील अंमलदाराचे सामान वाहणे, डेऱ्यावर पाणी आणि सरपण पोचवणे, जमीनदाराकडे राबणे, ही कामे गोंड-माडिया गावकऱ्यांकडून फुकट किंवा नाममात्र मोबदल्यात करून घेतली जात. भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने बेगारीला मनाई केली. मात्र तीस वर्षे प्रश्न राहिला : थोडे पैसे दिले, पण किमान वेतनाहून कमी दिले, तर ती बेगार की नोकरी?

१२/
२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १८ सप्टेंबर १९८२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात निकाल दिला. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने सांगितले की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले श्रम हे २३ व्या अनुच्छेदाच्या अर्थाने सक्तीचेच श्रम होत. भूक आणि गरिबी माणसाला दुसरा मार्ग ठेवत नाही, तीही सक्तीच. ‘ती स्वतःच एवढ्या पैशांत तयार झाली’ या युक्तिवादाला यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही.

१३/
पण घरातल्या कामाला किमान वेतन ठरलेलेच नसेल तर? हा प्रश्न संसदेत फार आधी गेला होता. १९५९ मध्ये राज्यसभेत पां. ना. राजभोज यांनी घरगुती नोकरांविषयी खासगी विधेयक मांडले. पुण्यातील दलित चळवळीतून आलेले हे नेते. किमान वेतन, कामाच्या तासांची मर्यादा, आठवड्याची सुट्टी आणि वार्षिक रजा, हे सारे त्या विधेयकात होते. विधेयकाचा कायदा झाला नाही. त्याच सुमारास कारखान्यांतल्या स्त्रियांना १९४८ च्या कारखाना अधिनियमाने मुलांसाठी पाळणाघराचा हक्क दिलेला होता. कामगार स्त्रीचे मूल कायद्याला दिसले. दुसऱ्याचे मूल सांभाळणारी कामगार स्त्री मात्र दिसली नाही.

१४/
संसदेत जे झाले नाही ते १९८० मध्ये पुण्याच्या रस्त्यावर झाले. आजारपणामुळे काही दिवस कामावर येऊ न शकलेल्या एका बाईला कामावरून काढून टाकण्यात आले. आसपासच्या घरांत काम करणाऱ्या बायांनी एकत्र येऊन काम थांबवले आणि संप एका वस्तीतून दुसरीकडे पसरत गेला. त्यातून ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’ उभी राहिली. लीला भोसले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तिचे नेतृत्व केले. नाव लक्षात घ्या : ‘मोलकरीण’ हा शब्द त्यांनी लपवला नाही, फलकावर लिहिला.

१५/
मागण्याही लक्षात घेण्याजोग्या होत्या. पगारवाढ तर होतीच; पण त्याबरोबर महिन्यातील ठरावीक भरपगारी सुट्ट्या, आजारपणात नोकरीची हमी आणि दिवाळीचा बोनस. दिवाळीला साडी देण्याची प्रथा घराघरांत होती. साडी ही भेट. ती मालकिणीच्या मनावर अवलंबून. बोनस हा हक्क. तो महिन्याच्या पगाराशी बांधलेला. वर्षानुवर्षे भेट म्हणून जे मिळत होते त्याचे हक्कात रूपांतर करणे, हे त्या संपाचे खरे वैचारिक कार्य होय. त्यानंतरच्या काळात संघटनांनी कामागणिक दर ठरवण्यावर भर दिला : भांड्यांचे वेगळे, कपड्यांचे वेगळे, स्वयंपाकाचे वेगळे. काम वाढले की मोल वाढले पाहिजे, हे तत्त्व त्यातून रुजले.

१६/
विदर्भातही हाच काळ. नागपुरात संस्कृतच्या प्राध्यापिका रूपा कुलकर्णी यांनी ‘विदर्भ मोलकरीण संघटना’ उभारली. आपल्या भागात या कामात येणाऱ्या बाया बहुतांशी दलित, आदिवासी आणि भूमिहीन कुटुंबांतल्या. त्यामुळे पगाराच्या प्रश्नाला दुसरा एक प्रश्न चिकटलेला होता : वेगळा कप, बाजूला ठेवलेली ताटली, बसायला जमीन. लेकरू दिवसभर जिच्या कडेवर असते तिला पाणी प्यायला वेगळा पेला, ही विसंगती कोणत्याही दरपत्रकात मावणारी नव्हती. मर्यादा दोन्ही बाजूंनी आखावी लागते : बाईकडून काय मागू नये, आणि तिला कसे वागवू नये.

१७/
महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम केला. १८ ते ६० वयाच्या कामगारांची नोंदणी, मंडळ, कल्याणकारी योजना. नोंदणीचा उपयोग झाला. २०२१ च्या टाळेबंदीत नोंदणीकृत घरेलू कामगारांना १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर झाले ते याच नोंदीच्या आधारे. पण हा कल्याणाचा कायदा आहे, वेतनाचा नव्हे. तास, सुट्टी आणि दर यांविषयी तो मौन बाळगतो. आणखी दोन तरतुदी माहीत असाव्यात. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालील मुलांना घरगुती कामाला ठेवण्यास बंदी आहे. ‘बाळाला खेळवायला गावाकडची एक लहान मुलगी आणली’ हे वाक्य त्यात बसते. आणि २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने खासगी घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे.

१८/
चंद्रपूर-गडचिरोलीत लेकरे सांभाळणाऱ्या सर्वाधिक दृश्य बाया मात्र कोणाच्या बंगल्यात नसतात. त्या गावोगावच्या अंगणवाडीत असतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. सेविका शिकवते, वजन घेते, नोंदी ठेवते. मदतनीस टोल्या-पाड्यांतून लेकरे गोळा करते, आहार शिजवते, भरवते, पोचवते. हे काम सरकारचे. तरीही त्यांना ‘वेतन’ मिळत नाही, ‘मानधन’ मिळते. शब्दाचा हा फरक फार महागात पडला आहे. मानधन म्हणजे स्वेच्छेने सेवा करणाऱ्याचा सन्मान. मग कामाचे तास, निवृत्तिवेतन, उपदान हे प्रश्नच उद्भवत नाहीत.

१९/
२००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील प्रकरणात अंगणवाडी सेविकांना शासकीय पदधारक मानण्यास नकार दिला. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील प्रकरणात त्याच न्यायालयाने त्यांना उपदान देय असल्याचे सांगितले. नाव मानधन असले तरी उपदान कायद्यापुरते ते वेतनच होय, असा तो निर्णय. पीठावरील न्यायमूर्तींत अभय ओक हेही होते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये सेविकेचे मानधन १०,००० आणि मदतनिसाचे ५,५०० रुपये झाले. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून राज्यभर बेमुदत संप झाला, तेव्हा फलकांवर आकड्याइतकीच ‘मानधन नको, वेतन द्या’ ही भावना होती. पुण्याच्या बायांनी साडीला बोनस म्हटले. यांनी मानधनाला वेतन म्हणायला लावले. लढा एकच आहे.

२०/
जगाच्या पाठीवर याच प्रश्नाला सर्वांत नेमके उत्तर १६ जून २०११ रोजी जिनिव्हात मिळाले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १८९ व्या कराराने घरकामगार हा इतर कामगारांसारखाच कामगार आहे असे मान्य केले. नोकरीच्या अटी शक्यतो लेखी, आठवड्यातून सलग किमान २४ तास विश्रांती, सुट्टीत घरातच थांबण्याची सक्ती नाही. आणि एक बारीक पण मोलाची अट : ‘गरज पडली तर हाक मारू’ म्हणून थांबवून ठेवलेला वेळही कामाचा वेळ मानायचा. रात्री बाळ रडले तर उठावे लागते, म्हणून शेजारच्या खोलीत झोपणारी बाई त्या वेळी विश्रांती घेत नसते. भारताने या करारास अनुकूल मत दिले; अनुसमर्थन अद्याप केलेले नाही.

२१/
लेखी करारानेही सारे सुटते असे नाही. १२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमधील भारतीय उपवाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. मुलांच्या देखभालीसाठी नेलेल्या महिलेच्या व्हिसा-करारात ताशी ९.७५ डॉलर लिहिले होते. प्रत्यक्षात महिना ३०,००० रुपयांचा दुसरा करार होता, असा अभियोगपक्षाचा आरोप होता. त्यांनी तो नाकारला, आणि राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यामुळे आरोपांची न्यायालयीन शहानिशा झालीच नाही. अधिकाऱ्यास मिळालेल्या वागणुकीवर भारतात संताप उसळला, तो समजण्यासारखा होता. परंतु त्या गदारोळात मूळ प्रश्न, आयेचा तास कितीचा, जवळजवळ कोणी विचारला नाही.

२२/
२९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट उभारण्याचा विचार करण्यास केंद्राला समिती नेमायला सांगितले. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर वरच्या इतिहासातून जे हाती लागते ते कोणत्याही घरात एका वहीच्या पानावर लिहिता येते :
• काम कोणते : बाळाचे काय, आणि घराचे काय करायचे नाही.
• वेळ : यायची, जायची, उशीर झाला तर तासाचा दर.
• सुट्टी : आठवड्याची, सणाची, आजारपणाची, भरपगारी.
• मोल : आकडा, तारीख, वर्षाची वाढ, दिवाळीला एक पगार.
• काम थांबवायचे तर दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सांगायचे.
पान दोन प्रतींत असावे. मावशींना वाचता येत नसेल तर वाचून दाखवावे आणि त्यांच्या अटीही त्यात लिहाव्यात.

२३/
यावर नेहमीचा आक्षेप असा की कागद आला की माया जाते. इतिहासात तसे दिसत नाही. शिक्षकाला पगार असतो म्हणून त्याचा जिव्हाळा खोटा ठरत नाही. परिचारिकेची पाळी संपते म्हणून तिची शुश्रूषा कमी पडत नाही. उलट जिच्या वेळेचा हिशेब चोख असतो तिला मनातली अढी धरून लेकराजवळ बसावे लागत नाही. माया ही पगाराच्या बदल्यात घेता येत नाही, तशी पगाराच्या ऐवजी देताही येत नाही.

२४/
शेवटी हिरकणी. रायगडावर दूध घालायला आलेली ही गवळण. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्यांनी उघडले नाहीत, आणि घरी तान्हे बाळ होते म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली, अशी आख्यायिका. तिच्या धाडसाचे आपण कौतुक करतो. बसस्थानकांतील स्तनपान कक्षांना तिचे नाव देतो. पण कामाला आलेल्या आईला लेकराकडे जायला कडा उतरावा लागला, हेही त्या कथेत आहे. आपल्या घरी येणाऱ्या मावशीचेही घरी कोणीतरी वाट पाहत असते. सहाला सोडू म्हटले असेल तर सहाला दार उघडावे.